श्रद्धेचे बळ आणि पहिली कुदळ
(मंदिर जीर्णोद्धाराच्या पायाभरणीप्रसंगी झालेले भाषण)



देऊळ नव्याने बांधायचे ठरले म्हणजे पहिल्या बैठकीत उत्साह असतो, दुसऱ्या बैठकीत हिशेब असतो, आणि तिसऱ्या बैठकीला माणसे कमी येतात. दगड किती लागेल, पैसा कोठून यायचा, पाऊस हुकला तर कबूल केलेली वर्गणी कोण देणार, हे सारे प्रश्न खरे आहेत. आपला जिल्हा अवर्षणाचा. येथे मोठे काम अंगावर घेताना छाती दडपते. अशा वेळी माणूस देवापुढे जाऊन उभा राहतो. तेथे त्याला काय मिळते, याचा विचार आज करावयाचा आहे.

त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही. सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वर महाराज बाराव्या शतकात होऊन गेले. तेव्हा या गावाचे नाव सोन्नलगी होते. कन्नड कवी राघवांकाने त्यांचे चरित्र काव्यरूपाने लिहिले आहे. कथा अशी सांगतात की, बालपणी रानात असताना सिद्धरामांना एक जंगम भेटला. त्याने हुरडा मागितला, मग दहीभात मागितला. मुलगा धावत घरी जाऊन घेऊन आला, तर जंगम नाहीसा झालेला. “मल्लय्या, मल्लय्या” म्हणून रडत तो यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलास गेला. तेथेही मल्लय्या दिसेना, तेव्हा तो कड्यावरून उडी घेण्यास निघाला. त्या क्षणी मल्लिकार्जुनाने त्याचा हात धरला.

येथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढची गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. देवाने त्या मुलाला श्रीशैलावर ठेवून घेतले नाही. “आपल्या गावी जा आणि तेथे काम कर,” अशी आज्ञा केली. देवाचा आधार तो असा असतो. त्याने कामाचे ओझे हलके होत नाही, पण ते उचलण्यास माणूस परत आपल्या वेशीत येऊन उभा राहतो.

महाराज परतले आणि कामाला लागले. लोकांना बरोबर घेऊन त्यांनी तलाव खोदला, मंदिर उभारले, गावाच्या परिसरात अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. आजही सिद्धेश्वराचे मंदिर त्या तलावाच्या पाण्यात उभे आहे. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी त्या कोरड्या जमिनीवर कोणी तरी पहिली कुदळ मारली असेल. त्या दिवशी तेथे पाण्याचा थेंब नव्हता. होती ती फक्त श्रद्धा आणि चार माणसांचे हात.

मात्र श्रद्धेला एक जागल्याही लागतो. महाराजांचे काम जोरात चालू असता अल्लमप्रभू तेथे आले, आणि दगडमातीत गुंतलेल्या सिद्धरामांना त्यांनी खडे बोल सुनावले, असे सांगतात. कामकऱ्यांना राग आला. महाराजांनी मात्र ते बोल मनावर घेतले, आणि पुढे कल्याणास जाऊन ते बसवेश्वरादी शरणांमध्ये सामील झाले. काम देवासाठी आहे की आपल्या नावासाठी, हा प्रश्न प्रत्येक बांधकामात कोणी तरी विचारला पाहिजे.

याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याची आठवणही आज ठेवावी. सन १३३८ च्या सुमारास तेथे गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि संत चोखामेळा त्याखाली गेले. नामदेव महाराजांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. ज्यांनी भिंती रचल्या त्यांना देवळाचा उंबरा बंद होता. पंढरीचा तो दरवाजा सर्वांना खुला व्हावा म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावे लागले. म्हणून या देवळाचा दगड जो वाहील, त्याचा मान संगमरवरी पाटीवर नाव येणाऱ्यापेक्षा तिळभरही कमी असू नये.

संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ते सर्वांनी पाहिले असतील. तो उंच, जड ध्वज एकच माणूस शेवटपर्यंत नेत नाही. एक थकला की दुसरा पुढे येतो, आणि ध्वज खाली टेकत नाही. जीर्णोद्धाराचेही तसेच आहे. कोणी हजार द्यावेत, कोणी बैलगाडीची एक खेप द्यावी, कोणी अमावास्येचा एक दिवस श्रमदान करावे. सगळे काम आजच डोळ्यांपुढे आणले तर हातपाय गळतात. आजच्या पुरते पाहिले तर एक पाटी माती उचलायची आहे, आणि तेवढे बळ प्रत्येकाच्या अंगात आहे.

श्री सिद्धरामेश्वर महाराजांनी ते बळ सर्वांस द्यावे आणि हे कार्य तडीस न्यावे, हीच त्यांच्या चरणी प्रार्थना.

एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!