केंद्रकातले कारभारी



परिषद चरबीची आणि दुपारच्या जेवणात तेलकट नानखलिया, यावरून सकाळपासून टोमणे ऐकतोय. पण पाहुणचारात काटकसर करणे छत्रपती संभाजीनगराला जमत नाही.

१९९० साली उंदराच्या यकृतातून चरबीचा कारभार पाहणाऱ्या पीपीएआर या प्रथिनकुळातले पहिले प्रथिन, अल्फा, हाती लागले. ही प्रथिने पेशीच्या केंद्रकात असतात. स्निग्धाम्ल येऊन चिकटले की त्यांचा आकार पालटतो आणि आरएक्सआर या जोडीदारासह ती डीएनएवरच्या ठरावीक जागेवरून अनेक जनुके कामाला लावतात. म्हणजे आपण खाल्लेले तूप-तेल नुसते इंधन नाही, ते हुकूमही सोडते.

निर्जळी एकादशीला अल्फा यकृताला चरबी जाळायला लावतो. पण साबुदाण्याची खिचडी पोटात गेली, की इन्सुलिन वाढते आणि एसआरईबीपी-१सी हे दुसरेच प्रथिन यकृतात नवी चरबी घडवू लागते. ‘एकादशी, दुप्पट खाशी’चे जीवरसायन ते हेच!

पीपीएआर कुळातल्याच गॅमाचे काम चरबीपेशी घडवून चरबी जागच्या जागी साठवण्याचे. आपल्याकडे गाडे इथेच अडते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचा बीएमआय २२.३, अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! दिसायला सडपातळ, आतून चरबीदार. घाटी रुग्णालयातल्या आमच्या ओपीडीत असे रुग्ण रोज येतात. पायोग्लिटाझोन सुरू केलेला एखादा विचारतो, “साहेब, वजन वाढलं, मग साखर कशी उतरली?” ती गोळी गॅमाला जागे करते, यकृतातली चरबी कातडीखाली सरकते, म्हणून वजन वाढूनही साखर उतरते. अल्फा आणि गॅमा दोघांनाही हलवणारे सारोग्लिटाझार तर अहमदाबादेत घडले आणि २०१३ मध्ये भारतात मान्य झाले.

तरीही आपल्या माणसांच्या पोटातल्या चरबीचा अभ्यास अजून फार तोकडा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मराठवाड्यातला रुग्ण औषध घेतो, पण संशोधनात क्वचितच दिसतो.

पाहुण्यांना एवढीच विनंती. आमच्या विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकांपुढे जरा थांबा, आणि कुणी मराठीत प्रश्न विचारला तर मराठी येणाऱ्यांनी मराठीतच उत्तर द्या.