परदेशातील बाजारहाट



परदेशाविषयी चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठ्या गोष्टी मी काय सांगणार? धाकटा भाऊ जर्मनीत आणि धाकटी बहीण अमेरिकेत ह्यूस्टनजवळ. दोघांकडे बाळंतपणाच्या निमित्ताने राहून आले. दोन्हीकडे वाणसामान आणायला गेले, तेवढेच सांगते.

जर्मनीत भावजय दर दोन दिवसांनी कापडी पिशवी घेऊन पायीच निघायची. एक लिटर दूध, ताजा पाव, थोडी भाजी. ढकलगाडी हवी तर तिच्या फटीत एक युरोचे नाणे घालायचे. गाडी जागेवर नेऊन लावली की नाणे परत. पाण्याची प्लॅस्टिकची रिकामी बाटली दिली की आधी भरलेले २५ सेंट परत मिळतात, म्हणून बाटली कोणी टाकीत नाही. गल्ल्यावरची बाई खुर्चीवर बसलेली असते, पण हात असा चालतो की आपली तारांबळ! पिशवी आपणच भरायची. पहिल्या दिवशी माझे टोमॅटो खाली आणि बटाटे वर गेले. रविवारी दुकाने बंद.

अमेरिकेत गल्ल्यावरची मुलगी दिवसभर उभी. तिचे पाय दुखत नसतील का? पिशव्या मात्र एक मुलगा हसतमुखाने भरून देतो. दुधाचा कॅन पावणेचार लिटरचा! अंडी थंड कपाटात, कारण तिकडे ती धुऊन विकतात आणि धुतल्याने वरचे नैसर्गिक आवरण जाते. जर्मनीत न धुतलेली, म्हणून उघड्या फळीवर. ढकलगाडीही अमेरिकेचीच. टोपली जड झाली की बायका खरेदी थांबवतात, हे ओक्लाहोमातील गोल्डमन नावाच्या दुकानदाराने हेरले आणि १९३७ साली टोपलीखाली चाके लावली. मोठा हुशार माणूस!

तिथे माझी एकदा फजिती झाली. साबणाच्या पुडीवर किंमत ११ डॉलर ९९ सेंट. मी बारा डॉलर मोजून दिले. मुलगी म्हणाली, १२ डॉलर ९८. तिकडे कर गल्ल्यावर वाढतो. जर्मनीत तो किमतीतच धरलेला असतो. मागे रांग, आणि मी पर्स चाचपते आहे!

पण मला खरे लागले ते निराळेच. बहिणीला मोटार चालवता येत नाही. दुकान तीन मैलांवर, वाटेवर पायी चालायला जागा नाही. तिचे यजमान स्वभावाने फार चांगले. पण शनिवारी ते मोकळे होतील तेव्हाच बाजार. माल घरपोच मागवता येतो म्हणा, पण त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल कुठे पडते? फडताळे भरलेली, आणि ती म्हणते, "ताई, घरात सगळे आहे गं, पण मीठ आणायलासुद्धा मला कुणाला तरी विचारावे लागते." भावजय तिच्याहून गरिबीत राहते, पण पिशवी उचलते आणि निघते.

गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. तिने मोटारीची शिकवणी लावली आहे. परवाना मिळाल्यावर पहिल्या फेरीत काय आणशील, असे मी विचारले. म्हणाली, "कोथिंबिरीची एक जुडी."