एका लॅपटॉपमधलं नेटवर्क

पावसानं जोर धरला की कोल्हापुरात प्रत्येक जण विचारतो, ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट?’ 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका. कसबा बावड्यात हे आकडे कुणाला सांगावे लागत नाहीत. याच बावड्यात डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय 1984 पासून उभं आहे. समजा, बावड्यात शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीनं पाण्याची ही पातळी दाखवणारं वेबपान प्रोजेक्ट म्हणून घेतलं. सर्व्हर हवा लिनक्सचा आणि घरात लॅपटॉप एकच, तोही विंडोजचा. मग ती विंडोजमधली हायपर-व्ही ही सोय सुरू करते, त्यात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातला संगणक, तयार करते, त्यावर उबंटू हे लिनक्स चढवते. पान तयार होतं, आतल्या मशीनमध्ये नीट दिसतंही. पण बाहेर विंडोजच्या ब्राउझरमध्ये काही केल्या उघडत नाही. पुष्कळ मुलं इथंच अडतात आणि प्रोजेक्ट सोडून देतात. आज या अडलेल्या जागेबद्दलच बोलायचं आहे.

कॉलेजच्या लॅबमध्ये केबली खोचलेला स्विच तुम्ही पाहिला असेल. जे संगणक त्याला जोडले, ते एकमेकांशी बोलतात. हायपर-व्हीमध्ये हाच स्विच सॉफ्टवेअरचा असतो. हायपर-व्ही मॅनेजरमध्ये उजव्या बाजूला ‘व्हर्च्युअल स्विच मॅनेजर’ आहे. तिथं एक्स्टर्नल, इंटर्नल आणि प्रायव्हेट असे तीन प्रकार मिळतात. मुलं घाईनं पहिला निवडतात. माझं म्हणणं असं, की माउसला हात लावण्याआधी वहीत लिहा: कुणी कुणाशी बोलायचं आहे? स्विचचा प्रकार त्यावरूनच ठरतो.

पान फक्त आपल्याच लॅपटॉपवर बघायचं असेल, तर इंटर्नल स्विच पुरे. तो तयार केला की विंडोजमध्ये ‘व्ही-इथरनेट’ नावाचं एक नवं नेटवर्क कार्ड दिसू लागतं. पण इथं पत्ते वाटणारं कुणी नाही. कार्डाचा आयपी पत्ता 169.254 नं सुरू होताना दिसला, तर पत्ता देणारा भेटला नाही म्हणून संगणकानं स्वतःच एक घेतला, असं समजा. पत्ते आपणच द्यायचे. विंडोजकडच्या कार्डाला 192.168.100.1, उबंटूला 192.168.100.2 आणि दोन्हीकडे सबनेट मास्क 255.255.255.0. घरचा राउटर नेमकी हीच मालिका वापरत असेल, तर शंभरच्या जागी दुसरा आकडा घ्या.

आता पिंग करून, म्हणजे एका मशीनवरून दुसऱ्याला हाक मारून बघा. विंडोजमधून उबंटूला केलेल्या पिंगला उत्तर मिळतं, उलट दिशेनं मिळत नाही, असं बहुतेक वेळा होतं. स्विच बिघडलेला नसतो. विंडोजचं फायरवॉल बाहेरून आलेलं पिंग मुळातच अडवतं. त्यासाठी अख्खं फायरवॉल बंद करणारी मुलं आहेत. तसं करू नका. पिंगला परवानगी देणारा नियम त्यात तयारच असतो, तेवढा चालू करा.

आणखी एक गोष्ट, जी फार जणांचा वेळ खाते. जँगो किंवा फ्लास्कचा सरावाचा सर्व्हर सुरू केला की तो 127.0.0.1 या पत्त्यावर ऐकतो, म्हणजे फक्त स्वतःच्या मशीनचं ऐकतो. बाहेरून कितीही हाका मारा, ओ देणार नाही. सुरू करतानाच त्याला 0.0.0.0 वर ऐकायला सांगा. जँगोत बाहेरून वापरायचा पत्ता सेटिंगमधल्या परवानगीच्या यादीतही घालावा लागतो. अडकलेली पानं यातूनच सुटलेली मी अनेकदा पाहिली आहेत.

मैत्रिणीच्या मोबाइलवरही तेच पान दिसायला हवं असेल, तर मात्र एक्स्टर्नल स्विच लागतो. तो लॅपटॉपच्या खऱ्या नेटवर्क कार्डावर बसतो आणि व्हर्च्युअल मशीनला घरच्या राउटरकडून स्वतःचा वेगळा पत्ता मिळतो. तयार करताना ‘मॅनेजमेंट ऑपरेटिंग सिस्टिमला हे कार्ड वापरू द्या’ अशा अर्थाची एक चौकट असते. तिची खूण काढली, तर त्या कार्डावरून विंडोजचं नेट जातं. खूण ठेवली तरी आयपी पत्ता खऱ्या कार्डावरून उठून नव्या व्ही-इथरनेट कार्डावर जातो आणि जोडणी क्षणभर तुटते. म्हणून दुसऱ्या गावचा सर्व्हर रिमोट डेस्कटॉपवरून चालवत असताना हा प्रयोग करू नये.

वायफायवर एक्स्टर्नल स्विच बनतो, पण व्हर्च्युअल मशीनचा स्वतंत्र मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाची ओळख, वायफायमधून सहजी पुढे जात नाही. विंडोजला मध्ये पत्त्यांची अदलाबदल करावी लागते आणि ती कधी चालते, कधी अडते. केबल असेल तर केबलच लावा. कॉलेजच्या किंवा हॉस्टेलच्या नेटवर्कवर लावण्याआधी तिथल्या ॲडमिनला विचारा. एका सॉकेटवर दोन मॅक पत्ते दिसले की सॉकेट बंद करायचं, अशी व्यवस्था काही ठिकाणी असते.

प्रायव्हेट स्विचवर व्हर्च्युअल मशीन फक्त आपसात बोलतात, होस्टशी, म्हणजे आपल्या विंडोजशीही नाही. व्हायरसचा अभ्यास करणाऱ्यांना तो उपयोगी.

विंडोज 10 मध्ये 2017 पासून ‘डिफॉल्ट स्विच’ आयताच मिळतो. व्हर्च्युअल मशीनला इंटरनेट द्यायला तो उत्तम. पण लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर त्याचे पत्ते बदलू शकतात. काल चाललेला पत्ता आज चालेलच असं नाही. म्हणून मशीनला दोन कार्डं द्यावीत: एक डिफॉल्ट स्विचवर इंटरनेटसाठी, दुसरं इंटर्नलवर आपल्या ठरलेल्या पत्त्यासाठी. इंटर्नलच्या कार्डावर गेटवे मात्र लिहू नका, नाहीतर इंटरनेटची वाट चुकते. पुराच्या दिवसांत नेट गेलं, तरी इंटर्नलवरचा सराव लॅपटॉपची बॅटरी असेपर्यंत चालू राहतो.

ज्यांच्याकडे विंडोजची होम आवृत्ती आहे, त्यांना हायपर-व्ही मॅनेजर मिळत नाही. त्यांनी व्हर्च्युअलबॉक्स घ्यावं. इंटर्नलच्या जागी तिथं ‘होस्ट-ओन्ली’ आहे, त्यात होस्टचा पत्ता बहुधा 192.168.56.1 असतो, एक्स्टर्नलच्या जागी ‘ब्रिज्ड’ आहे. फायरवॉल, सर्व्हर आणि वायफाय यांबद्दल वर सांगितलेलं तिथंही लागू पडतं.

प्रात्यक्षिकं घेणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आधीच जोडून ठेवलेलं मशीन मुलांच्या हाती देऊ नका. स्विच त्यांना करू द्या, पत्ते त्यांना लिहू द्या, पिंग अडलं तर कारणही त्यांनाच शोधू द्या. त्यासाठी एक तास जास्त लागला, तर तो जरूर द्या.