हनुमंताची हनुवटी
(नभोवाणीवरील भाषण)

सौंसरहून थोड्याच अंतरावर, जाम नदीच्या काठी, जामसावळी हे हनुमंताचे प्रसिद्ध स्थान आहे. मारुतीची मूर्ती बहुधा उभी असते. कोठे गदा उगारलेली, कोठे द्रोणागिरी तोललेला. जामसावळीची मूर्ती मात्र पिंपळाखाली आडवी पहुडलेली आहे. लहानपणापासून मी तेथे जात आलो आहे. 'हनुमान' हे नाव आजवर किती वेळा घेतले असेल याची गणती नाही; परंतु त्या नावाचा अर्थ काय, याचा विचार मी सत्तरी उलटेपर्यंत कधी केला नव्हता.

संस्कृतात 'हनु' म्हणजे जबडा. आपली 'हनुवटी' त्याच शब्दापासून आली. वाल्मीकिरामायणातील कथा आपणां सर्वांस ठाऊक आहेच. उगवता सूर्य फळ समजून बाळ मारुतीने उड्डाण केले, इंद्राने वज्र फेकले, आणि पर्वतशिखरावर कोसळून त्याच्या डाव्या बाजूचा जबडा मोडला. म्हणून तो हनुमान. ज्याच्याकडे आपण बळ मागतो त्या देवाचे हे नाव बळावरून पडलेले नाही. मोडलेल्या जबड्यावरून पडले आहे. यंदा हा विचार करण्याचा प्रसंग माझ्यावर आला, कारण येत्या महिन्यात माझ्या नातीच्या जबड्यावर नागपूरला शस्त्रक्रिया व्हावयाची आहे.

मुलगी वीस वर्षांची आहे. तिचा खालचा जबडा वरच्यापेक्षा पुढे आलेला आहे. हा जबडा तिला माझ्याकडून मिळाला, मला माझ्या वडिलांकडून. आमच्या घरातील जुन्या छायाचित्रांत तीन पिढ्यांच्या हनुवट्या एका ओळीत दिसतात आणि पाहुणेमंडळी पाहताक्षणी म्हणतात, "हा तुमच्याच घरचा." पुरुषाच्या चेहऱ्यावर हा जबडा करारीपणाचे लक्षण ठरला. तोच मुलीच्या चेहऱ्यावर आला तेव्हा त्याला 'दोष' म्हणू लागले. आम्ही घरच्यांनीही या अन्यायाकडे कधी नीट पाहिले नाही.

अशा वारशाचा अभिमान केवळ आम्हांलाच होता असे नाही. युरोपातील हॅब्सबर्ग राजघराण्यात पुढे आलेला खालचा जबडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि चित्रकारांनी तो राजचिन्हासारखा रंगवला. परंतु त्या घराण्याचा स्पेनमधील शेवटचा राजा दुसरा चार्ल्स, जो १७०० साली वारला, त्याला आपले अन्न नीट चावतासुद्धा येत नव्हते. चित्रात शोभणारी हनुवटी ताटावर बसल्यावर कशी वागते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

माझ्या नातीचेही तसेच होते. तिचे पुढचे दात एकमेकांस भिडत नाहीत. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा ती हाताने मोडून दाढेकडे सारते. आमचा सारा मुलूख संत्र्यांचा. पण संत्र्याची फोड पुढच्या दातांनी तोडणे तिला आजवर साधलेले नाही. लहान असताना ती फोड बोटांनी फाडून खाई, आणि आम्ही तिला हळू खाणारी म्हणून हसत असू. तिला ते जमत नाही, हे आमच्या ध्यानात आले नाही.

आता ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. जबड्याचे हाड कापून त्याची जागा बदलण्याचा पहिला नोंदलेला प्रयत्न १८४९ मध्ये अमेरिकेत सायमन हलिहेन या शल्यविशारदाने केला. लहानपणी भाजल्यामुळे मानेची कातडी आवळून जिचा खालचा जबडा ओढला गेला होता, अशा एका तरुणीवर त्याने ती शस्त्रक्रिया केली. पुढे १९०१ मध्ये रने ल फोर या फ्रेंच वैद्याने मृतांच्या मस्तकांवर आघात करून असे दाखवून दिले की, चेहऱ्याची हाडे वाटेल तशी फुटत नाहीत. ती ठराविक रेषांवर फुटतात. त्यांतील सर्वांत खालच्या रेषेवरूनच आज वरचा जबडा मोकळा करून हलवतात. खालच्या जबड्यासाठी मोठी युक्ति ह्युगो ओबवेगेझर यांनी काढली. त्यांनी व ट्राउनर यांनी तिचे विवेचन १९५७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले. दाढेमागचे हाड आडवे तोडण्याऐवजी ते उभे चिरून दोन फळ्यांसारखे करावयाचे आणि एक फळी दुसरीवरून पुढे किंवा मागे सरकवावयाची. हाडाला हाड रुंद भिडते, म्हणून ते लवकर सांधते. छेद तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर बहुधा वण दिसत नाही. पूर्वी हाड सांधेपर्यंत सुमारे सहा आठवडे दोन्ही जबडे तारेने बांधून ठेवावे लागत. आता टायटेनियमच्या लहान पट्ट्या व स्क्रू यांनी हाड जागच्या जागी धरतात आणि दातांना काही काळ रबरी वेढे लावतात.

ही शस्त्रक्रिया लहान वयात सहसा करीत नाहीत. जबड्याची वाढ थांबावी लागते, नाहीतर बसवलेला जबडा पुन्हा वाढून पुढे जातो. त्याआधी वर्ष-दीड वर्ष दातांना तारा बसवाव्या लागतात. या तारांच्या काळात एक चमत्कारिक गोष्ट घडते, आणि ती आधी माहीत नसली तर माणूस घाबरून जातो. जबडा वाकडा असला की दात आपापल्या परीने कलून ती उणीव झाकीत असतात. तारा त्यांना सरळ उभे करतात. त्याबरोबर झाकलेली उणीव उघडी पडते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी चेहरा सुधारण्याऐवजी अधिकच बिघडलेला दिसतो. आमच्या शेजारच्या एका बाईंनी विचारले, "पैसे देऊन पोरीचे दात बिघडवले की काय?" मुलगी त्या दिवशी घराबाहेर पडली नाही. आपल्या शेजारीपाजारी अशा तारा दिसल्या, तर श्रोतेहो, एवढे एक वाक्य गिळावे अशी माझी विनंती आहे.

परंतु शेजाऱ्यांना दोष देण्याचा अधिकार मला कितपत आहे? या शस्त्रक्रियेला घरात पहिला विरोध मीच केला. मी म्हणालो, "चांगले हिंडते-फिरते लेकरू. सुंदर दिसण्याच्या हौसेपायी हाड कापून घ्यावयाचे?" त्यावर ती काही बोलली नाही. पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि एका तीरावरून पांढुर्णेकर व दुसऱ्या तीरावरून सावरगावकर एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. कित्येकांना जन्माचे अधूपण येते, आणि प्राणही गेलेले आहेत. त्या दिवसाच्या गोष्टी निघाल्या तेव्हा नातीने सहज विचारले, "आबाजी, तेथे दगड लागून कोणाचा जबडा मोडला आणि डॉक्टरांनी तो बसवला, तर त्याला कोणी हौस म्हणते का?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दगडाने मोडलेला जबडा बसवणे हा उपचार, आणि वाढीत चुकलेला जबडा बसवणे ही हौस, असा भेद शरीर करीत नाही. तो आपण करतो. आपल्याच पुण्याची गोष्ट आहे. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक बैलहाक्या शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक कापण्यात आले. पुढे एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले, आणि ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आल्यावर युरोपातील शल्यविशारद चकित झाले. नाकावाचून कावसजी जगला असता. पण त्याला चारचौघांत बसावयाचे होते. त्याला आपण हौशी म्हणत नाही. मग मनात येऊ लागले की, हौस मुलीची नसून माझीच आहे. माझी हनुवटी माझ्यामागे कोणाच्या तरी तोंडावर राहावी, ही ती हौस.

नात्यागोत्यात दोन तट पडले होते. एक म्हणे, लग्न जमण्यासाठी करून टाका. दुसरा म्हणे, लग्नाआधी नको. डॉक्टरांनी आम्हां सर्वांना खोलीबाहेर बसवले आणि तिला एकटीला विचारले, "तुला स्वतःला काय हवे?" तिने काय सांगितले ते मला नंतर कळले. तिला संत्र्याची फोड दातांनी तोडावयाची होती आणि ओठ सहज मिटून बसावयाचे होते. आरशाचे नाव तिने शेवटी घेतले. पण घेतले, आणि ते लपवले नाही. हे मला आवडले. चेहऱ्याचाही विचार करणे यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र तो विचार ज्याचा चेहरा त्याचा असावा; वरपक्षाचा नसावा, आणि आजोबांचाही नसावा.

पुढे काय होते, हेही डॉक्टरांनी काही न झाकता सांगितले. शुद्धीवर आल्यावर तोंड सुजलेले असेल. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, मग उतरू लागते. दोन-तीन आठवड्यांत बरीच ओसरते. पण चेहरा पुरता स्थिरावण्यास सहा महिने ते वर्ष लागते. तोवर आरशात दिसेल तो अंतिम चेहरा नव्हे. खालच्या जबड्याच्या हाडातूनच ओठाकडे व हनुवटीकडे जाणारा मज्जातंतू असतो; तो दुखावल्यामुळे तो भाग बधिर राहतो. बहुतेकांची संवेदना काही महिन्यांत परतते. काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो. तो पत्करण्याची तयारी आधीच हवी. काही आठवडे पातळ अन्न: पेज, आंबील, वरणाचे पाणी, ताक. वजन उतरते, आणि मनही उतरते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली असताना दुसऱ्या आठवड्यात रडू कोसळते, ते कृतघ्नपणाने नव्हे. वीस वर्षे ज्या चेहऱ्याला आपण 'मी' म्हटले तो सकाळी उठून पाहावा तर जागेवर नसतो. नव्याशी ओळख व्हावयास अवधी लागतो. त्या काळात घरच्यांनी "किती वेगळी दिसतेस" असेही म्हणू नये आणि "आता कशी छान दिसतेस" असेही म्हणू नये. दुसऱ्या वाक्यात पहिल्या वीस वर्षांची निंदा दडलेली असते.

येथे एक गोष्ट लहान मुलांच्या आईबापांसाठी सांगणे अगत्याचे आहे. मूल हनुवटीवर आपटले, तर हनुवटीची जखम दिसते; पण कानापुढचा जबड्याचा सांधा आतून दुखावलेला असू शकतो. कानाच्या जुनाट पुवानेही तो बिघडतो. सांधा हाडाने जखडला की तोंड उघडेनासे होते, जबड्याची वाढ खुंटते आणि हनुवटी मागे राहते. पडल्यानंतर मुलाचे तोंड पूर्वीएवढे उघडत नसेल, किंवा उघडताना एका बाजूला जात असेल, तर वाट पाहू नये, दंतवैद्याकडे न्यावे. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या माणसांना नागपूर दूर नाही. त्या बाळ मारुतीला उचलून घेण्यास वायुदेव होता. आपल्या लेकरांना आपणच आहोत.

दिवस ठरला त्या संध्याकाळी नात माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आबाजी, मग मी तुमच्यासारखी दिसणार नाही. चालेल ना तुम्हांला?" इतके दिवस मी तिच्या भीतीचा विचार करीत होतो, आणि तिला भीती होती ती मला दुखावण्याची. मला त्या वेळी काही बोलता आले नाही.

पुढच्या शनिवारी जामसावळीला गेलो. त्या पहुडलेल्या मूर्तीसमोर बसलो असता रामायणातील दोन स्थळे आठवली. भिक्षूच्या वेषातील हनुमंत प्रथम भेटला, तेव्हा रामाने लक्ष्मणाजवळ त्याच्या वाणीची वाखाणणी केली आणि बोलताना याच्या मुखावर कोठेही दोष दिसला नाही असे सांगितले. जबडा मोडलेल्याच्याच वाणीची ही स्तुती आहे. दुसरे स्थळ समुद्रतीरावरचे. कोण किती उडी मारील याची मोजदाद चालली असता हनुमंत एकीकडे गप्प बसला होता. त्याला त्याच्या बळाची आठवण देण्यासाठी जांबवंताने कोणती गोष्ट सांगितली? तीच, जबडा मोडल्याची. त्या म्हाताऱ्याने घाव लपवला नाही, गोंजारलाही नाही; तो सांगितला, आणि ऐकणारा उठून उभा राहिला.

घरी येऊन मी नातीला म्हणालो, "बाई, हनुवटी माझी होती ती मी वापरली, तुझी तू करून घे. मृगबहाराची संत्री येतील तेव्हा पहिली फोड मात्र माझ्यासमोर तोड." ती हसली. तिचे हे हसणे मी या जबड्यासह फार दिवस पाहिले आहे. पुढल्या महिन्यानंतर ते थोडे निराळे दिसेल. तेही ओळखीचे होईल. मला थोडा वेळ लागेल, एवढेच.