इस्राएलाचे नियमशास्त्र आणि आपली ज्युबिली

(ज्युबिलीच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिली हा शब्द आज आपल्या सर्वांच्या मुखी आहे. तो आला कोठून, एवढेच सांगण्यास आम्ही आपणांपुढे उभे आहोत. हिब्रू भाषेत योबेल म्हणजे मेंढ्याचे शिंग. पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकून देशभर मुक्ततेची द्वाही फिरवावी, विकलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी आणि दारिद्र्यामुळे दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बांधवाने स्वगृही जावे, असे लेवीय पुस्तकाचा २५ वा अध्याय सांगतो.

सेमिनरीत हिब्रू धातू घोकीत असता ही नियमांची पुस्तके आम्हांस रुक्ष वाटत. गोदातीरी शेतकऱ्यांत व मजुरांत राहू लागल्यावर त्यांचा अर्थ उलगडू लागला. अनुवाद पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात कर्जापोटी जात्याची तळी गहाण घेण्यास मनाई आहे, कारण ती नेणे म्हणजे घराचा प्राण नेणे होय. ज्या गंगाखेडास परंपरा संत जनाबाईंचे जन्मस्थान मानते, तेथे जात्याची थोरवी आम्ही काय सांगावी!

त्याच नियमशास्त्रात गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे असेही आहे. हा भाग आम्ही एका वाचनसभेत वाचला, तेव्हा एक वृद्ध माउली उद्गारल्या, "फादर, पांघरूण ओढून नेणारे तिथंबी व्हते म्हणायचे!" माउलींचे म्हणणे खरे होते. १९६० साली यावने गावाजवळ समुद्रकाठच्या एका प्राचीन गढीत शाईने लिहिलेले एक खापर सापडले. ते इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या अखेरचे आहे. त्यावर कापणी करणाऱ्या एका मजुराचा अधिकाऱ्यास अर्ज आहे: ठरलेली कापणी पुरी करूनही आपले वस्त्र काढून नेले, सोबतचे कापणीकरी साक्ष देतील, वस्त्र परत मिळावे. ते त्यास मिळाले की नाही, हे खापर सांगत नाही.

शास्त्राध्ययन ते हेच होय. नियम वाचावा आणि ज्याच्यासाठी तो झाला त्या माणसाचा चेहरा पाहावा. नियम नेहमी पाळले गेले असे मात्र नव्हे. गहाणाच्या वस्त्रांवर वेदीपाशी लोळणाऱ्यांची आमोस संदेष्ट्याने कठोर निर्भर्त्सना केली. राजाच्या करासाठी शेते गहाण पडली व लेकरे दास्यात गेली, तेव्हा नहेम्याने धनिकांकडून शेते, मळे, घरे परत देण्याचे वचन घेतले. योबेल वर्ष प्रत्यक्ष पाळल्याचा वृत्तांत तर जुन्या करारात कोठेच आढळत नाही.

तरीही नियम जगू शकतो. आपल्या कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल घाण्यावर तेल काढीत, पण शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणत. विसाव्याच्या त्या आज्ञेत चाकराबरोबर बैलाचेही नाव आहे. घाणा थांबला की बैलही सुटे.

आता आपली पाळी. दिवाळीच्या सुमारास या मुलखातून उचल घेतलेल्या ऊसतोड्यांच्या टोळ्या निघतात. ती उचल फिटेपर्यंत त्यांचे हातपाय गहाणच नव्हेत काय? ती पद्धत मोडणे आपल्या एकट्याच्या आवाक्यातले नाही. परंतु आपल्या हाती काहीच नाही, असेही म्हणता येणार नाही. ज्याने गरीब बांधवाची वस्तू गहाण ठेवली आहे, त्याने ती या ज्युबिली वर्षात परत करावी. ज्याच्या शेतात मजूर राबतो, त्याने मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी. ज्यास जुने येणे सोडता येईल, त्याने ते सोडावे. टोळीबरोबर गेलेल्यांची जी लेकरे मागे राहतात, त्यांच्या ताटाची व शाळेची काळजी शेजाऱ्याने वाहावी.

एवढे घडले, तर मेंढ्याचे शिंग आपल्याही धर्मग्रामात वाजले असे आम्ही समजू. कृपाळू परमेश्वर आपणां सर्वांस तसे करण्याचे बळ देवो.