रुग्णसेवेतील आदान-निक्षेपण

(सुवर्णमहोत्सवानिमित्त नवी पेठ, सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



औषधदान हे आपल्या चार दानांपैकी एक आणि वैयावृत्त्य हे सहा अंतरंग तपांपैकी एक. ज्या दहांची वैयावृत्त्य करावी असे तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहे, त्यांत 'ग्लान' म्हणजे रोगग्रस्त साधूचा स्वतंत्र उल्लेख आहे. तेव्हा रुग्णसेवा का करावी, हे या सभेत सांगण्याचे कारण नाही. मला बोलावयाचे आहे ते त्या सेवेतील एका दुर्लक्षित क्षणाविषयी. रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तो हा क्षण.

साधूंच्या पाच समितींत आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना व ठेवताना नीट पाहावे, प्रमार्जन करावे आणि कोणत्याही जीवास इजा होऊ देऊ नये, हा तिचा आशय. हिंसा केवळ द्वेषातून घडत नाही, प्रमादातूनही घडते. कमंडलू ठेवताना जर एवढी दक्षता, तर आजारी माणूस सोपविताना किती हवी?

माझ्या हातून घडलेला एक प्रमाद सांगतो. हृदयविकाराचे एक वृद्ध गृहस्थ परगावच्या रुग्णालयातून घरी आले. त्यांचे डिस्चार्ज कार्ड मी घाईने चाळले आणि माझ्या नेहमीच्या सवयीने एक गोळी लिहून दिली. तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने त्यांना तिकडून आधीच मिळालेले होते. घरच्यांनी भक्तिभावाने दोन्ही गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी नाडी मंदावून ते चक्कर येऊन पडले. चूक प्रथम ध्यानात आली ती औषध दुकानदाराच्या. त्याने दोन्ही पाकिटांवरील मूळ घटकाचे नाव वाचले आणि मला दूरध्वनी केला. सुदैवाने गृहस्थ सावरले. परगावच्या डॉक्टरांचे उपचार योग्य होते आणि माझे औषधही चुकीचे नव्हते. चुकला तो मधला सांधा. तो सांधणे हे माझे काम होते.

हा अनुभव एकट्या माझा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधोपचारातील हानी टाळण्यासाठी जागतिक मोहीम सुरू केली. तिच्या तीन प्रमुख विषयांपैकी एक विषय हाच आहे: रुग्णाचे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणारे स्थलांतर.

आपल्या सोलापुरात हा प्रश्न रोजचाच आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव, तसेच सीमेपलीकडील विजयपूर, कलबुर्गी येथून रुग्ण इथे येतात व परत जातात. गावचे डॉक्टर, रुग्णवाहिकेतील डॉक्टर, तज्ज्ञ, परिचारिका, औषध दुकानदार आणि आशा सेविका ही सारी एकाच साखळीची कडी होत. काही ठिकाणी ही साखळी विचारपूर्वक घडविलेली आहे. गर्भवती मातेचे माता व बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत उपकेंद्रापासून मोठ्या रुग्णालयापर्यंत जाते. क्षयरोगाचा उपचार घेणारा यंत्रमाग कामगार गावी गेला, तर त्याचा उपचार तेथील केंद्राकडे सोपविता येतो. २०१२ पासून 'निक्षय' या संगणकीय नोंदणीने ते काम अधिक सोपे केले आहे. महिनोन्‌महिने चालणाऱ्या त्या उपचारात खंड पडला, तर जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो; म्हणून ही काळजी. मग हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात यांच्या रुग्णांना ती का मिळू नये?

या संघात घरच्या मंडळींचे स्थान मोठे आहे. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण होते. पर्युषणात व दशलक्षण पर्वात उपवास होतात. साखर उतरविणारी गोळी किंवा इन्सुलिन 'रात्री जेवणापूर्वी' असे कार्डावर लिहिलेले असते. आपण ते रात्री नऊ वाजता घेतो आणि जेवण मात्र सहालाच झालेले असते! अशा वेळी रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. आपला आचार डॉक्टरांना ठाऊक असेलच असे नाही. तो आपणच सांगावयास हवा. उपवासात औषध स्वतःच्या मनाने बंद करणे किंवा तसेच चालू ठेवणे, दोन्ही घातक ठरू शकते.

विश्वस्तांना माझी नम्र विनंती आहे. आपण औषधांसाठी मुक्तहस्ते निधी देता. त्यासोबत एक छोटी औषधवही द्यावी. तीत प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ व कारण, बंद केलेली औषधे, ॲलर्जी, पुढील तपासणीचा दिवस आणि घरातील आहार-उपवासाचे नियम लिहावेत. रुग्ण घरी परतला की आठवड्याच्या आत एखाद्या प्रशिक्षित स्वयंसेवकाने घरी जाऊन वही आणि गोळ्या ताडून पाहाव्यात. शंका आल्यास त्याने स्वतः बदल न करता डॉक्टरांना कळवावे. यास फार पैसा लागत नाही; जागरूकता लागते.

आणि आम्हा वैद्यकीय मंडळींनी? रुग्ण पाठविताना चार ओळी स्वच्छ अक्षरांत लिहाव्यात आणि शक्य असेल तेव्हा दूरध्वनीवरून समक्ष बोलावे. ज्याने रुग्ण घेतला, त्याने 'कळले' असे उलट सांगावे. परिचारिकेने वा दुकानदाराने चूक दाखविली, तर त्यात कमीपणा मानू नये. त्या दिवशीचा तो दूरध्वनी मी मनावर घेतला नसता, तर आज आपणासमोर उभे राहण्याचे धैर्य मला झाले नसते.

पन्नास वर्षे आपल्या संस्थेने अनेकांना हात दिला. यापुढे तो हात सोडताना दुसरा हात तेथे आहे ना, एवढे पाहावे.

जय जिनेंद्र!