रस्त्याआधी पोचलेली माणसे

पेरू देशात अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर, दाट पर्जन्यवनात पोझुझो नावाचे गाव आहे. तिथली जुनी घरे ऑस्ट्रियातल्या टायरोल प्रांतातल्या घरांसारखी आहेत. लाकडी, उतरत्या छपरांची, सज्जे असलेली. अनेकांची आडनावेही जर्मन. ही मंडळी इतक्या दूर कशी पोचली, त्याची हकिकत आज सांगणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर टायरोलच्या डोंगराळ भागात गरिबी फार होती. ज्याच्यापाशी जमीन किंवा मिळकत नाही, त्याला लग्नाची परवानगीसुद्धा मिळत नसे. शेतमजुराने आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी राबायचे, स्वतःचा संसार मांडायचाच नाही. त्याच सुमाराला पेरूच्या सरकारला पूर्वेकडच्या जंगलात वस्ती करायची होती. बॅरन शुट्झ-होल्झहाउझेन या जर्मन गृहस्थाने सरकारशी करार केला. प्रवासखर्च, जमीन आणि तिथवर जाणारा रस्ता, असे वचन मिळाले.

मार्च १८५७ मध्ये टायरोल आणि ऱ्हाइनलँडमधली सुमारे ३०० माणसे अँटवर्प बंदरातून 'नॉर्टन' जहाजाने निघाली. सोबत योझेफ एग हे धर्मगुरू होते. चार महिन्यांनी पेरूचा किनारा दिसला. वाटेत काहीजण दगावले होते. मग पायी अँडीज ओलांडायचा होता.

पर्वत ओलांडल्यावर कळले, की पोझुझोपर्यंत रस्ता झालेलाच नाही!

परत जायला पैसा नव्हता, पुढे जायला वाट नव्हती. लोक तात्पुरत्या झोपड्या बांधून राहिले आणि रस्ता स्वतःच करू लागले. बर्फाच्या मुलखातली ही माणसे आता धो धो पावसात झाडे तोडत होती, कडे फोडत होती. पुष्कळांचा धीर सुटला. कुणी खाणीवर कामाला गेले, कुणी शहराकडे वळले. अखेर १८५९ च्या जुलैमध्ये पोझुझोला पोचले ते साधारण १७० जण.

पोचल्यावर तरी सुख कुठले? गहू-बटाट्याची सवय असलेल्यांना मका, भात, केळी लावायला शिकावे लागले. पिकवलेला माल विकायचा, तर बाजार कित्येक दिवसांच्या वाटेवर. सरकारच्या लेखी ती मोकळी जमीन होती. पण या प्रदेशात यानेशा हे आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले होते, हेही विसरून चालणार नाही. एकाला घर मिळताना दुसऱ्याचे रान आकसत गेले.

तरीही वस्ती तगली. धर्मगुरू एग तिला सोडून गेले नाहीत. १९०५ मध्ये मरेपर्यंत ते पोझुझोतच राहिले. जमीन अपुरी पडू लागली तेव्हा १८९१ मध्ये इथल्याच कुटुंबांनी ओक्सापाम्पा हे नवे गाव वसवले. तिथे जातानाही वाट त्यांची त्यांनीच काढली.

आणि करारातला तो रस्ता? पोझुझोत मोटार जाईल असा रस्ता पोचला १९७० च्या दशकात. म्हणजे वचनानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. ज्यांना ते वचन दिले होते, त्यांची नातवंडेही तोवर म्हातारी झाली होती.

नवी वसाहत उभारणाऱ्यांच्या धाडसाचे आपण कौतुक करतो, ते योग्यच आहे. पण पोझुझोची माणसे धाडसासाठी निघाली नव्हती. त्यांना लग्न करून चार भिंतींत राहायचे होते, एवढेच. एवढ्या साध्या गोष्टीसाठी त्यांना एक महासागर आणि एक पर्वत ओलांडावा लागला.